प्रकृतीच्या प्रश्नावल्या : काय विचारले, काय राहिले

गुडघ्याच्या सांध्याचे प्रत्यारोपण होण्यापूर्वी आणि झाल्यावर काही महिन्यांनी, काही रुग्णालयांत रुग्णाच्या हाती एक छापील प्रश्नावली दिली जाते. सांधा नीट बसला किंवा नाही हे क्ष-किरण चित्र सांगते. त्या सांध्यावर माणूस कसा जगतो आहे, हे तो स्वतःच सांगू शकतो. हे सांगणे आकड्यांत मांडण्यासाठी वैद्यकाने अनेक प्रश्नावल्या घडवल्या आहेत. मात्र एका प्रश्नावलीचे गुण दुसरीच्या गुणांशेजारी ठेवून सरळ तुलना करणे म्हणजे शेर आणि किलो एकाच रकान्यात मांडून बेरीज करण्यासारखे आहे.

युरोक्वॉल या संशोधक-गटाने १९९० मध्ये मांडलेली ‘ईक्यू-५डी’ सर्वांत आटोपशीर. चालणे-फिरणे, स्वतःची निगा, नित्याची कामे, वेदना, आणि चिंता वा नैराश्य या पाचच बाबी ती विचारते. त्याही केवळ आजच्या दिवसापुरत्या. मूळ आवृत्तीत प्रत्येक बाबीला तीन पर्याय होते, म्हणून २४३ स्थिती संभवत; नंतरच्या आवृत्तीत पाच पर्याय आल्याने त्या ३,१२५ झाल्या. थकव्याचा प्रश्न मात्र दोहोंतही नाही. अमेरिकेत घडलेली, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एसएफ-३६’ उत्साह आणि थकवा यांसाठी चार प्रश्न राखते आणि तिचे बरेचसे प्रश्न मागील चार आठवड्यांविषयी असतात. अठ्ठाईच्या शेवटच्या दिवशी, अजून चालत्या-फिरत्या असलेल्या तपस्वी श्राविकेने पहिली भरली, तर पूर्ण गुण मिळू शकतील. दुसरीत तिचा थकवा नोंदला जाईल. दोन्ही उत्तरे खरीच असतील.

व्यापारी वाचकाला अधिक खटकेल तो पुढचा हिशेब. एखादा उपचार त्याच्या खर्चाच्या मानाने योग्य आहे का, हे ठरवताना पूर्ण आरोग्याला १ आणि मृत्यूला ० असे मूल्य देऊन जगलेल्या वर्षांशी त्याचा गुणाकार करतात. उदाहरणापुरते पाहू : मूल्य ०.६ वरून ०.८ झाले आणि दहा वर्षे तसेच राहिले, तर दोन ‘गुणवत्तापूर्ण वर्षे’ पदरी पडली. पण हे मूल्य येते कोठून? ब्रिटनच्या जुन्या मूल्यसारणीत ‘ईक्यू-५डी’ची सर्वांत वाईट स्थिती उणे ०.५९४ आहे, म्हणजे मृत्यूपेक्षाही वाईट गणलेली. जॉन ब्रेझियर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘एसएफ-३६’च्या उत्तरांवरून तेथेच बसवलेल्या सारणीचा तळ सुमारे ०.३० वरच थांबतो. अत्यंत खालावलेला रुग्ण बरा झाला, तर पहिल्या वहीत नफा मोठा दिसतो, दुसऱ्या वहीत बेताचा. औषध तेच, रुग्णही तोच. या सारण्या सामान्य नागरिकांच्या पसंतीवर आधारलेल्या असल्याने देश बदलला की आकडेही बदलतात. ‘ईक्यू-५डी’साठी भारतीयांच्या पसंतीची स्वतंत्र सारणी चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, हे चांगलेच झाले.

प्रश्नावली कोणाचे जगणे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली, हे तर तिच्या उदाहरणांतच दिसते. मूळ ‘एसएफ-३६’मध्ये मध्यम श्रमाचे नमुने म्हणून टेबल सरकवणे, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे आणि गोल्फ खेळणे दिले आहे! गुडघ्यासाठीच असलेल्या ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’मध्ये १२ प्रश्न आणि कमाल ४८ गुण. गुडघे टेकून पुन्हा उठता येते का, टेबलावर जेवून खुर्चीवरून उठताना किती दुखते, जिना उतरता येतो का, हे त्यात विचारले जाते. मांडी घालून बसण्याचा प्रश्न नाही. योगायोग असा की सामायिकाची मिनिटेही ४८ च. म्हणजे चाळीसच्या वर गुण मिळवलेल्या आजोबांना जमिनीवरच्या आसनावर एक सामायिकही पूर्ण करता येत नसेल आणि त्यांच्या मनाला लागलेली ही गोष्ट त्या कागदावर कोठेच उमटणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने दिल्ली आणि चेन्नईसह जगातील पंधरा केंद्रांच्या सहभागातून तयार केलेल्या मोठ्या प्रश्नावलीची २६ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती या बाबतीत उदार आहे. आयुष्य अर्थपूर्ण वाटते का, गरजेपुरता पैसा आहे का, नातेसंबंधांविषयी समाधान आहे का, हेही ती विचारते. गुडघा सुधारला, पण दरम्यान पेढीवरची बैठक मुलाकडे गेली, अशा माणसाचे उणे तीत उमटू शकते. उलट, केवळ गुडघ्यातील फरक टिपायला ती फार ढोबळ ठरते.

एकत्र कुटुंबात आणखी एक अडचण येते. वडिलांचा कागद मुलगा भरतो, किंवा सुनेसमोर सासूबाई प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक आहे’ म्हणतात. चालणे, कपडे घालणे अशा दिसणाऱ्या बाबींत घरच्यांचे उत्तर रुग्णाच्या उत्तराशी बरेच जुळते. चिंता आणि उदासी यांत ते जुळणे कमी होते, असे अभ्यासांतून वारंवार आढळले आहे. कागद ज्याचा त्याने, शक्यतो एकांतात भरावा. अक्षरे दिसत नसतील तर दुसऱ्याने प्रश्न केवळ वाचून दाखवावेत. शस्त्रक्रियेनंतरही तीच प्रश्नावली, त्याच व्यक्तीने भरावी आणि पहिल्या कागदाची प्रत घरी ठेवावी. प्रत्यारोपणानंतर जमिनीवर मांडी घालण्यास अनेक शल्यविशारद मनाई करतात. तेव्हा सामायिक, वंदना, पालिताण्याची चढण यांविषयी छापील कागदात प्रश्न नसला, तरी ते डॉक्टरांना तारीख ठरवण्यापूर्वीच विचारून घ्यावे.