शिक्षणाची वाट : पुस्तकांआधी नाव जुळवा

उल्हासनगर कॅम्प ५ मधून एका बहिणीचं पत्र आलं आहे. बारावी होऊन नऊ वर्षं झाली. मग निकाह, दोन मुलं, घरबसल्या जीन्सचं धागाकटिंग. थोरली पहिलीत गेली तेव्हा शाळेच्या फॉर्मवर 'आईचं शिक्षण' हा रकाना आला आणि मनात पुन्हा बी.ए.चं आलं. शौहरची ना नाही. सासूबाई म्हणतात, "पुस्तकं घरी येत असतील तर कर." तिने विचारलं आहे ते एवढंच : पुस्तकं कुठे मिळतात आणि अर्ज कधी भरायचा?

पुस्तकांचं उत्तर सोपं आहे, ते पुढे देतो. आधी बहिणीने न विचारलेली गोष्ट. दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड शेजारी-शेजारी ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर वाचा. आपल्या घरांत हे तिन्ही क्वचितच जुळतं. गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव, आधारवर शौहरचं. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसती दोन अक्षरं. दाखल्यावर 'बी' किंवा 'बानो' लागलेलं, आधारवर गायब.

पूर्वी हे चालून जायचं. आता नाही. २०२४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरशिक्षणाच्या प्रवेशाला 'डेब आयडी' सक्तीचा केला आहे. तो काढायला आधी 'एबीसी आयडी' लागतो आणि तो डिजिलॉकरमधून, म्हणजे आधारवरून निघतो. आधारवरचं नाव असं पुढे पुढे सरकत जातं आणि शेवटी विद्यापीठ ते गुणपत्रिकेशी ताडून बघतं.

मग बदलायचं कुठलं? गुणपत्रिका बदलण्याच्या मागे लागू नका. बोर्डाकडची दुरुस्ती वेळखाऊ असते आणि लग्नानंतरचं नाव तिथे लागत नाही. आधारवर शाळेचं नाव करून घेणं हा माझ्या मते सरळ मार्ग. मात्र आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग घरी कागदावर लिहून न्या. शौहरचं नावच ठेवायचं असेल तर नाव बदलल्याचा पुरावा लागेल : विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद. नुसत्या निकाहनाम्यावर बऱ्याच ठिकाणी अडवतात. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा सगळ्या धर्मांच्या लग्नांना लागू आहे. निकाहची नोंद महापालिकेत केलेली नसेल तर या निमित्ताने करून टाका, पुढे पासपोर्टलाही उपयोगी पडेल.

आणि मोबाइल. ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर शौहरचा, आणि शौहर दिवसभर कारखान्यात, असं असेल तर अर्ज तिथेच अडतो. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या.

आता विद्यापीठ. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १ जुलै १९८९ ला सुरू झालं ते मुळी नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. अर्ज ऑनलाइन, पण अभ्यासकेंद्र आपण निवडायचं. बहिणीने ते अंबरनाथ, विठ्ठलवाडी किंवा कल्याण स्टेशनापासून चालत जाता येईल असं बघावं. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून आहे. 'आयडॉल' म्हणून सगळे ओळखतात, आता नाव बदललं आहे. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा होतात, पण तिथे बहुतेक पुस्तकं इंग्रजी-हिंदीत. उर्दू माध्यमात शिकलेल्या बहिणींनी हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ पाहावं; १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात उर्दूतून दूरशिक्षण आहे. बारावी राहिली असेल तर आधी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म.

पुस्तकं प्रवेश फीमध्येच येतात, बाजारात शोधायची गरज नाही. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं स्वतः वाचून समजतील अशाच बेताने लिहिलेली असतात : छोटे घटक, मध्ये मध्ये प्रश्न. छापील संच हाती यायला कधी कधी उशीर होतो. तोवर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची ई-पुस्तकं वाचायला घ्या. इग्नूची पुस्तकं तर 'ई-ज्ञानकोश'वर कोणालाही फुकट वाचता येतात, प्रवेश घेतलेला नसला तरी. नऊ वर्षांनी अभ्यास झेपेल का, ही धाकधूक असेल तर फी भरण्याआधी महिनाभर त्यातला एखादा विषय रोज अर्धा तास वाचून पाहा. मुलांच्या गडबडीत घरी बसणं जमत नसेल तर कल्याणचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८६४ पासूनचं.

गाइडवर मात्र विसंबू नका. स्वाध्याय स्वतःच्या हाताने लिहा, त्यांचे गुण निकालात धरले जातात.

'परीक्षेशिवाय पदवी', 'एका वर्षात बी.ए.' अशा पाट्या रिक्षांच्या मागे दिसतात. त्यांच्याकडे जाऊ नका. कुठलाही अभ्यासक्रम मान्य आहे की नाही हे अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत बघायचं, आणि फी फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून भरून पावती जपून ठेवायची. नर्सिंग, फार्मसी, कायदा हे दूरशिक्षणाने होतच नाहीत. कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

तारखा दरवर्षी पुढे-मागे होतात. मे महिन्यापासून संकेतस्थळ बघत राहा आणि त्याआधी आधारचं काम उरकून घ्या. दुरुस्ती होऊन यायला दिवस लागतात आणि त्यातच मुदत निघून जाते.

सासूबाईंना मात्र एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. पुस्तकं घरी येतील, परीक्षा घरी येणार नाही. ती केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, केंद्र कल्याणला पडू शकतं आणि पेपर चालतात काही दिवस. वेळापत्रक आलं की त्या दिवसांचं धागाकटिंग घेऊ नका आणि धाकट्याला कोण सांभाळणार हे शौहर आणि सासूबाईंबरोबर बसून ठरवा.