पाठांतराला वृत्तज्ञानाची जोड हवी

समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक महाराष्ट्रात घरोघरी म्हटले जातात. त्यांच्या पाठांतराच्या स्पर्धाही होतात. परंतु हे २०५ श्लोक तीनशेहून अधिक वर्षे लोकांच्या मुखी कशामुळे टिकले, याचा विचार आपण क्वचितच करतो. आशयाची थोरवी निर्विवाद आहे. पण तो आशय पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेला भुजंगप्रयात वृत्ताने.

या वृत्ताची घडण अगदी साधी आहे. प्रत्येक चरणात चार ‘य’ गण, म्हणजे एक लघू आणि दोन गुरू अशी चार आवर्तने. एकूण १२ अक्षरे व २० मात्रा. गणांच्या प्रसिद्ध सूत्रातील ‘यमाता’ ही तीन अक्षरे चार वेळा म्हटली की चाल हाती येते. लघूवर पाऊल उचलावे आणि दोन गुरूंवर ते ठामपणे टेकवावे, अशी ही गती! तिला यमकाची जोड आहे. पुष्कळदा चारही चरण एकाच ध्वनीवर विसावतात, तर कोठे दोन-दोन चरणांची जोडी जमते. काही सलग श्लोकांत चौथा चरण तोच ठेवला आहे. म्हणून ऐकणारा समुदाय तेथे आपोआप सूर मिळवतो. निरक्षरालाही श्लोक पाठ होत, ते या रचनेमुळेच.

आता पहिल्याच श्लोकातील ‘आनंत’ हा शब्द पाहा. आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे तो ‘अनंत’ हवा. परंतु चरणातील पाचवे अक्षर गुरूच असले पाहिजे. म्हणून समर्थांनी ‘अ’चा ‘आ’ केला. ‘विचार’चा ‘वीचार’ आणि ‘हित’चे ‘हीत’ होते, तेही याच कारणाने. हे अज्ञान नव्हे, वृत्ताची शिस्त आहे. कोणी सद्हेतूने हे शब्द ‘शुद्ध’ करून छापले वा मुलांकडून तसे म्हणवून घेतले, तर अर्थ राहील. पण चाल मोडेल. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतही केशवसुतपूर्वकालीन पद्य मूळानुसारच छापावे, असे स्पष्ट सांगितले आहे.

तेव्हा संस्कारवर्ग चालवणाऱ्यांनी आणि पालकांनी एवढे अवश्य करावे : आठवड्यातून एक श्लोक फळ्यावर लिहून मुलांकडून त्याचे लघू-गुरू पाडून घ्यावेत. गणितासारखा हा खेळ मुलांना आवडतो. केवळ पाठ केलेले कालांतराने विसरते. ज्याची घडण समजली, ते विस्मृतीतूनही पुन्हा उभे करता येते. वारसा जपायचा तो असा, जाणतेपणाने!