चौक लिहिणारी वाचनालयाच्या बाहेरच का?

फाल्गुन सरत आला की डहाणू रोड आणि आसपासच्या वाचनालयांच्या फळ्यांवर कार्यक्रमांच्या याद्या लागतात. २३ एप्रिलचा पुस्तक दिन, १८ मेचा संग्रहालय दिन, आणि सुट्टीतल्या मुलांसाठी वारली चित्रांचा वर्ग. यंदा अशाच एका फळ्यापुढे मी उभी होते. बरोबर पाड्यावरची एक बाई होती, दाखल्याच्या कामासाठी आलेली. तिला अक्षर लागत नाही, पण फळ्याच्या कडेला रंगवलेली त्रिकोणी माणसं तिनं लगेच ओळखली. म्हणाली, "ताई, हा चौक अर्धाच लिहिलाय. देवी कुठंय?"

आत जाऊन चौकशी केली. वर्ग शहरातले एक शिक्षक घेणार होते. फी होती. पाड्यावरची एखादी बाई शिकवायला बोलावली आहे का, असं विचारल्यावर उत्तर आलं, "त्यांना शिकवता येणार नाही. त्या अशिक्षित असतात."

वारली बाया चौक 'काढत' नाहीत, 'लिहितात'. लग्नघरात गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सुवासिनी चौक लिहितात, मधोमध पालघाट देवी बसते. धवलेरी गाणी म्हणते, त्याशिवाय लग्न लागत नाही. एवढं लिहिणारी आणि एवढं पाठ असणारी बाई अशिक्षित, आणि तिची नक्कल शिकवणारा शिक्षक! हा न्याय कुठला?

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींमुळे या भागात कागद आणि रंग आले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्या कागदावर जे उभं केलं त्याला तोड नाही. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं गेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या मोठेपणाशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते वाटणीशी. भिंत होती तोवर काम बाईचं होतं, कारण त्याला दाम नव्हता. कागद आला, कागदाला किंमत आली, आणि नावं बहुतेक पुरुषांची झाली. घरचा स्वयंपाक बाईचा आणि हॉटेलातला आचारी पुरुष, ही तीच जुनी गोष्ट. संग्रहालयांच्या पाट्यांवर पाहा. पुरुष कलावंताचं नाव असतं, आणि भिंतीवरच्या चौकाखाली नुसतं 'वारली जमात' असतं. जमात चौक लिहीत नाही. कुणीतरी बाई लिहिते, आणि तिला नाव असतं.

चौक लिहायचा मान सुवासिनीचाच, विधवेला तो नाही, हेही आपण झाकून ठेवू नये. पण हा वाद त्या बायांनी आपल्या तोंडानं घालायचा आहे. त्यासाठी आधी त्यांना बसायला जागा हवी. ती जागा वाचनालयाची का नसावी?

आता वेळापत्रक पाहू. हे 'वसंतातले' कार्यक्रम कोणाच्या वसंतातले? दिवाळीनंतर डहाणू-तलासरीतली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. होळीला चार दिवस घरी येतात, पुन्हा जातात, आणि पाऊस तोंडावर आला की परततात. ज्या घरी राहतात त्यांच्या चैत्र-वैशाखाच्या सकाळी पाण्याच्या हंड्यामागे जातात आणि दुपारी वाडीवर मजुरीत. २०११च्या जनगणनेनुसार तलासरीत दहांतले नऊ आणि डहाणूत तिघांतले दोघे आदिवासी आहेत. या लोकांनी यायचंच नाही असं ठरवून वेळ काढायची असती, तर याहून सोयीची वेळ सापडली नसती.

"पण त्या येत नाहीत हो," असं सांगितलं जातं. हे वाक्य डहाणू तालुक्यात तरी कुणी उच्चारू नये. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा. मुलं येत नाहीत, यात दोष मुलांचा नसून शाळेचा आहे, हे या दोन बायांनी आपल्याच मातीत दाखवून दिलं. मग अंगणातलं वाचनालय का नाही? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमधून फिरतं संग्रहालय चालवून दाखवलं. काचेच्या कपाटाला चाकं लागू शकतात, तर पुस्तकाच्या पेटीला का नाही?

"पुस्तकं त्यांच्या काय कामाची?" असंही विचारतात. त्याच १९४५ साली गोदावरी परुळेकर या भागात आल्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघं सावकाराकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. वारल्यांनी ही वेठ कशी मोडली ते गोदाताईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७०च्या पुस्तकात लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे पुस्तक ज्यांच्या आज्यांचं आहे त्या नातींपर्यंत ते गेलेलं नाही. आजही लग्नासाठी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती फेडायला जोडपं भट्टीवर जातं. हा धडा मोठ्यानं वाचून दाखवला तर त्या बाईच्या कामाचा नाही असं कोण म्हणेल? वाचता न येणाऱ्या बाईला ऐकता येतं, आणि ऐकलेल्यावर बोलताही येतं.

कुणी म्हणेल, हे सगळं उपकाराखातर मागता. अजिबात नाही. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं मान्यताप्राप्त वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं. भट्टीवरची बाई साबण घेते, काडेपेटी घेते, त्यावर कर भरते. वाचनालयाच्या खुर्चीत तिचाही पैसा आहे.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. वारली चित्रांचा वर्ग असेल तर शिकवणारी पाड्यावरची बाई हवी, आणि तिला मानधन हवं, नारळ-शाल नव्हे. चौक मांडला तर खाली लिहिणारीचं नाव हवं. मजूर बायांना अनामत आणि वर्गणी माफ हवी. वाचन आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारात आणि होळीच्या चार दिवसांत पाड्यावर व्हावं. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा पंधरा दिवस चालते, हजारो आदिवासी बाया आपणहून तिथं येतात. वाचनालयानं आणि संग्रहालयानं आपला मांडव तिथं घालावा. धवलेरींची गाणी त्यांच्या परवानगीनं ध्वनिमुद्रित व्हावीत, आणि त्यांची एक प्रत गावात राहावी.

शेवटी थोडं आपल्याबद्दल. आठ मार्चला आपणही पाड्यांवर टेंपो पाठवतो. बाया येतात, मागच्या रांगेत बसतात, भाषणं ऐकतात, वडापाव खाऊन परत जातात. फोटोत गर्दी चांगली दिसते. मीही हे केलं आहे, वर्षानुवर्षं. माईक आपल्या हातात ठेवून वाचनालयाकडे बोट दाखवता येणार नाही.

त्या दिवशी दाखल्याचं काम झालंच नाही, साहेब रजेवर होते. परतताना ती बाई पुन्हा फळ्यापाशी थांबली. म्हणाली, "मला बोलावलं तर मी पुरा लिहून देईन." फळा तिथंच आहे. पुढच्या फाल्गुनाआधी तिला बोलावणं धाडायचं काम, मैत्रिणींनो, आपलं आहे.