अहेव मरण

जात्यावरच्या ओव्यांत अहेव मरणाचे मोठे कौतुक आहे. हिरवे लुगडे, कपाळी मळवट, पतीचा खांदा; बाईने मागावे ते एवढेच. पितृपक्षात, भाद्रपद वद्य नवमीला, अशा गेलेल्या बायकांच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. पण तीच बाई बाळंतपणात गेलेली असेल, तर गाव तिला हडळ म्हणून भितेही. माझी धाकटी काकू अशीच गेली. विशी नुकती उलटली होती. नवमीला घरात तिच्या नावाचे पान वाढत आणि तिन्हीसांजेला आम्हां मुलांना विहिरीकडे फिरकू देत नसत. रक्तस्राव थांबेना, बैलगाडी ओढ्याच्या पुरापाशी अडली, हे मात्र आईने फार उशिरा, तेही कुजबुजत सांगितले.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. वर्गात आपण त्यांतला गोडवा शिकवतो, फार तर वेदना. अहेव मरणाची ओवी शिकवताना एवढे तरी विचारावे, की हे मागणे मरणाचे, की विधवेच्या वाट्याला येणाऱ्या जिण्याच्या धास्तीचे? काकूने तर काहीच मागितले नव्हते. तिचा मुलगा आता पन्नाशीला आला. आईचा फोटो नाही, म्हणून नवमीला तो पानापुढे सुपारी ठेवतो.