गड्याचा पाडवा

माझ्या लहानपणी कारध्यात गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पारावर सालगड्यांची बोलणी चालायची. "अवंदा कोनाकडं?" एवढ्यावर सुरुवात. मग पैसे, धान, वहाणांचा जोड. बोलण्यात गड्याची बाजू पडतीच असायची. पण नाहीच पटलं, तर तो वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्यात काम शोधायचा. मालक चरफडायचा, अडवायचा नाही.

'लग्नगडी' हा शब्द मला फार उशिरा भेटला, गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात. डहाणू-तलासरीकडचा वारली तरुण लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढायचा आणि त्यापायी बायकोसकट त्याच्या घरी राबायला लागायचा. हिशेबाची वही सावकाराची, त्यामुळे कर्ज फिटायचंच नाही. या गड्याच्या वर्षात पाडवा नव्हता.

१९४५ साली किसान सभेने वेठ आणि लग्नगडी या दोन्हींविरुद्ध हाक दिली. वारली लाल बावटा घेऊन गावोगाव फिरले, गडी मालकांच्या घरांतून बाहेर पडले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. या लढ्याचं नेतृत्व करणाऱ्या गोदावरीबाई आणि त्यांचे पती शामराव यांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं. माणसं डांबणारे मात्र आपापल्या घरीच राहिले.

गुलाम सोडवणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणं नवं नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. त्यांच्यातही असे 'गुन्हेगार' होतेच. गुलामांना पळून जायला मदत केली म्हणून १८४८ साली डेलावेअरमध्ये थॉमस गॅरेट यांना कोर्टाने जबर दंड केला. दंड झाला तरी त्यांनी ते काम सोडलं नाही.

आपल्याकडे १९७६च्या कायद्याने वेठबिगारी मोडली, तिच्यातली कर्जंही रद्द केली. वेठीला धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद लिहिली. ज्या कामासाठी गोदावरीबाई हद्दपार झाल्या, ते एकतीस वर्षांनी जिल्हाधिकाऱ्याचं कर्तव्य ठरलं.

तरीही उचल घेतलेलं कुटुंब वीटभट्टीवरून निघालं की पहिला प्रश्न येतो, "पैसे कोण भरणार?" आणि लगेच दुसरा, "यांना चिथावलं कोणी?" पाडव्याच्या पारावर हा दुसरा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. तिथे एवढंच विचारायचे, अवंदा कोनाकडं?