नकाशा बसला की बसवला?



मागच्या उन्हाळ्यात एका गावची बैठक आटोपली आणि एक म्हातारे शेतकरी आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, माझी विहीर शेजाऱ्याच्या गटात गेली हो." आता विहीर कुठे जाणार? १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या वडिलांनी खणलेली विहीर होती तिथेच होती. सरकला होता तो नकाशा. रस्त्याच्या भूसंपादनासाठी गावचा जुना नकाशा संगणकात घेऊन उपग्रहाच्या चित्रावर बसवला होता आणि त्यात विहीर पडली वायव्येच्या शेजाऱ्याच्या गटात. म्हणजे विहिरीचा मोबदलाही त्याच्याच नावे. शेजारी सरळ माणूस, म्हणून डोकी फुटली नाहीत. प्रत्येक बांधाला असा शेजारी लाभत नाही.

आम्ही शेतकी कॉलेजात साखळी ओढून मोजणी शिकलो. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यात जी पद्धत सुरू केली, तिच्याच वंशातली आपली टिपणे आहेत. टिपणात दगडापासून बांधापर्यंतचे अंतर मिळते, अक्षांश-रेखांश बहुधा मिळत नाहीत. संगणकाला मात्र तेच लागतात. मग कोणीतरी नकाशावरची काही ठिकाणे ओळखतो, त्यांचे अक्षांश-रेखांश भरतो आणि बाकीचा नकाशा त्या खुंट्यांवर ताणून बसवतो. खुंट्या चुकल्या की सारा गाव चुकला.

आम्ही कचेरीत विचारायला गेलो. उत्तर मिळाले, "क्षेत्र जुळते आहे, चूक निघणार कशी?" अहो, खाट उचलून शेजारच्या अंगणात नेऊन ठेवली तरी तिची लांबी-रुंदी तेवढीच राहते! क्षेत्र जुळणे हा नकाशा जागेवर असल्याचा पुरावा होऊच शकत नाही.

दुसरे उत्तर त्याहून गोड होते. "संगणक शून्य चूक दाखवतो." किती खुंट्यांवर बसवला? तीन. नकाशा सरकवून, फिरवून, ताणून बसवायची जी नेहमीची रीत आहे, तिच्यात तीन ठिकाणे दिली की चूक शून्यच निघते, मग ती ठिकाणे खोटी का असेनात. तपासायला काही शिल्लकच उरत नाही. म्हणून गावाच्या चारी कोपऱ्यांत आणि मध्ये पसरलेली जास्त ठिकाणे घ्यायची, आणि नकाशा बसवताना जी वापरलीच नाहीत अशी वेगळी ठिकाणे घेऊन तपासायचे. आपल्याच हाताने लिहिलेला पेपर आपणच तपासला तर गुण पैकीच्या पैकी मिळणारच.

मग गावच्या पोरांना घेऊन आम्ही दोन दिवस शिवार पालथे घातले. जुन्या विहिरी, शिवेवरचे दगड, देवळाचा कोपरा, ओढ्यावरची जुनी मोरी अशी नकाशावरही आहेत आणि जमिनीवरही आहेत अशी नऊ ठिकाणे. (झाड घेऊ नये, आणि ओढ्याचे वळण तर मुळीच नाही, ते दर पुराला बदलते.) साधा मोबाईल उघड्या आभाळाखाली पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो. बांधाचे भांडण त्याने मिटणार नाही, त्याला मोजणीचे रोव्हर यंत्रच हवे. पण एवढा मोठा घोटाळा त्याला दिसतो. नऊच्या नऊ ठिकाणे नकाशावर आग्नेयेला सरकलेली निघाली, प्रत्येक वेळी सव्वाशे-दीडशे मीटर.

सगळे एकाच दिशेला आणि सारखेच, हे पाहून आमची खात्री पटली. जुनी सरकारी पत्रके १८३० सालच्या एव्हरेस्टच्या मापावर आधारलेली. उपग्रहाची चित्रे आणि आपले मोबाईल चालतात डब्ल्यूजीएस-८४ या मापावर. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठीची नवी पत्रकेही त्याच मापावर निघाली. एकाचे आकडे दुसऱ्याचे समजून भरले की आपल्याकडे नकाशा शंभर मीटरहून जास्त सरकतो. जुन्या पत्रकावरून खुंट्या घेतल्या आणि माप बदलायचे राहून गेले, एवढीच गोष्ट. एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त अंतर निघाले असते तर नकाशा फिरला किंवा ताणला गेला असे म्हटले असते. कुठे इकडे, कुठे तिकडे असे निघाले असते तर मूळ कागदात किंवा हातात दोष. तोही असतोच. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि १:५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर.

आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. २०२१ पासून आपण ई-पीक पाहणी मोबाईलवर करतो आहोत, नकाशे जागेवर बसले तर आपलेच हेलपाटे वाचतील. पण पडद्यावरच्या रेघेने मालकी ठरत नाही. टिपण, फाळणी आणि जागेवरचा दगड पुढे ठेवून बोला. संपादनाची नोटीस आली की खुंट्यांची यादी, प्रत्येकीवरची चूक, तपासणीची वेगळी ठिकाणे आणि वापरलेले माप ही चार कागदे लेखी मागा.

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांची हरकत नऊ ठिकाणांच्या तक्त्यासह दाखल केली आहे, फेरमोजणीची तारीख अजून लागलेली नाही. ज्या गावांतून रस्ता किंवा कालवा जातो आहे, तिथल्या कार्यकर्त्यांनी जिल्हा बैठकीला येताना किमान सहा ठिकाणांचे आकडे वहीत लिहून आणावेत. दुपारच्या जेवणानंतर आम्ही प्रत्येक गावाचा नकाशा सोबत घेऊन बसणार आहोत.