वेळ पाळणारी सिस्टीम, मुळापासून बांधलेली

स्टेशनच्या फलाटावर उभं राहिलं की राजधानी अंगावर वारा फेकून निघून जाते. ती वेगवान आहे यात वाद नाही. ती वेळेवर आहे का, हा प्रश्न मात्र वेगळा. मागून प्रत्येक स्टेशनला थांबत येणारी मेमू वेळापत्रकात छापलेल्या मिनिटाला आली, तर ती वेळेवर. संगणकाच्या जगात 'रिअल टाइम' हा शब्द या मेमूसाठी आहे, राजधानीसाठी नाही. आमच्या धंद्यातही निम्म्या लोकांना रिअल टाइम म्हणजे 'खूप फास्ट' असंच वाटतं, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

आज हा विषय घेण्याचं कारण म्हणजे मंडळाच्या हळदीकुंकवात आईला एका काकूंनी विचारलं, "तुझा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये ना? मग ॲप बनवतो का?" आईने "हो, तसंच काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. काकू, ॲप नाही. मी करतो ते सॉफ्टवेअर मोबाइलवर दिसत नाही. ते कारखान्यातल्या पत्र्याच्या पॅनेलमध्ये, तळहाताएवढ्या कार्डावरच्या चिपमध्ये बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. त्याचं काम एवढंच की ठरलेली गोष्ट ठरलेल्या वेळेच्या आत झालीच पाहिजे.

बाजव्यात राहणाऱ्याला हे समजायला लांब जावं लागत नाही. एका बाजूला फर्टिलायझरनगरचा खतकारखाना, पलीकडे कोयलीची रिफायनरी. अशा ठिकाणी एखाद्या टाकीतला दाब वाढला आणि व्हॉल्व्ह २० मिलिसेकंदांत उघडायचा असेल, तर रोज १९ मिलिसेकंद घेणारी यंत्रणा चांगली. एरवी ५ मिलिसेकंदांत काम उरकणारी, पण हजारातून एकदा ५० घेणारी यंत्रणा भंगारात टाकायच्या लायकीची. सरासरीला इथे किंमत नाही, सगळ्यात वाईट दिवशी काय होतं ते विचारायचं. तुमचा फोन फोटो उघडायला अर्धा सेकंद जास्त घेतो तेव्हा तुम्ही फार तर वैतागता. रेल्वेच्या 'कवच' यंत्रणेला ती सवलत नाही. ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडायच्या आत तिला ब्रेक लावायचा असतो. रुळांमध्ये बसवलेले टॅग वाचायचे, स्टेशनशी रेडिओवर बोलायचं, हिशेब करायचा, आणि हे सगळं गाडी धावत असताना. २०१६च्या फेब्रुवारीत तिच्या प्रवासी गाड्यांवरच्या चाचण्या सुरू झाल्या, २०२०मध्ये ती देशाची अधिकृत यंत्रणा ठरली, आणि आपल्या दारावरून जाणारा मुंबई–दिल्ली मार्ग तिच्यासाठी आधी निवडलेल्या मार्गांपैकी आहे.

अशा कार्डावर जी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम चालते ती आरटीओएस. नाव ऐकून गाडीचं लायसन्स आठवलं असेल, पण त्या आरटीओशी हिचा संबंध नाही. एकाच चिपवर दहा-पंधरा कामं चालू असतात. त्यांतलं कुठलं आत्ता करायचं आणि कुठलं थांबवायचं हे ती ठरवते. प्रत्येक कामाला मानाची पायरी दिलेली असते आणि वरच्या पायरीचं काम आलं की खालच्याने हातातलं सोडून बाजूला व्हायचं. ऐकायला सोपं आहे, पण यात एक गंमत आहे आणि ती थेट मंगळावर घडलेली आहे.

४ जुलै १९९७ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनच स्वतःला बंद करून पुन्हा चालू करू लागला. कारण समजायला आपण ते आपल्या घरात आणू. आजोबांना आठला औषध घ्यायचंच आहे. औषधाच्या कपाटाची किल्ली नातवाकडे आहे. नातू किल्ली घेऊन निघालाय, पण ओसरीवर काका त्याला अडवून क्रिकेटच्या गप्पा मारत बसले. काका नातवाहून मोठे, त्यामुळे नातू हलू शकत नाही. म्हणजे घरातले सगळ्यात मोठे आजोबा शेवटी काकांसाठी खोळंबले, आणि काकांचा त्या किल्लीशी काही संबंध नाही! यानात नातू म्हणजे हवामानाची माहिती गोळा करणारं काम, आजोबा म्हणजे यानातल्या माहितीची देवाणघेवाण सांभाळणारं काम आणि काका म्हणजे मधल्या पायरीवरची इतर कामं. आजोबांचं औषध चुकलं की यान समजायचं, काहीतरी बिघडलंय, सगळं पुन्हा सुरू करा.

यावरचा उपाय त्या आरटीओएसमध्ये आधीच होता. ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला, ती देईपर्यंत, आजोबांचाच मान द्यायचा. मग काका त्याला अडवू शकत नाहीत. ही सोय त्या एका किल्लीसाठी बंद ठेवलेली होती. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर तो बिघाड पुन्हा घडवून आणला, कारण शोधलं आणि बदल रेडिओने मंगळावर पाठवला. मला या गोष्टीत आवडतो तो शेवटचा भाग. त्यांच्याकडे तीच यंत्रणा, तेच सॉफ्टवेअर आणि आत डोकावायची सोय, सगळं हाताशी होतं. आत डोकावताच आलं नसतं तर?

तर काय होतं ते मी वडोदऱ्यातच पाहिलंय. एका छोट्या कारखान्यात पोती भरण्याचं वजनाचं पॅनेल होतं. पंधरा वर्षं बिनबोभाट चाललं. मग एका पावसाळ्यात कार्ड जळलं. तशी चिप बाजारातून नाहीशी झालेली, आणि ज्याने पॅनेल दिलं होतं त्याने धंदा बंद केलेला. कारखान्याकडे उरली होती एक सीडी आणि तिच्यावर एकच तयार फाइल, म्हणजे नुसते आकडे. ज्या चिपसाठी ती बनवली ती सोडून दुसऱ्या कशावरही ती चालणार नाही. मूळ सोर्स कोड नाही, कुठल्या कंपायलरने बांधली ते माहीत नाही. आम्ही नवं पॅनेल उभं करेपर्यंत सात आठवडे गेले. मालकाचं नुकसान झालंच, पण पोती भरणारी नऊ माणसं रोजावर होती. त्यांतले चौघे तेवढ्यात दुसरीकडे निघून गेले आणि बाकीच्यांनी उधारीवर दिवस काढले. एका हरवलेल्या फोल्डरमुळे कुणाच्या घरचा किराणा थांबतो, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

म्हणून नव्या कार्डासाठी आम्ही ठरवलं की आरटीओएस तयार आणायची नाही, सोर्सपासून बांधायची. पर्याय बरेच होते. २००३मध्ये रिचर्ड बॅरी यांनी सुरू केलेली फ्रीआरटीओएस आहे, लिनक्स फाउंडेशनची २०१६ची झेफिर आहे. आम्ही घेतली आरटेम्स. तिच्या नावाची वेगळीच कहाणी आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी लष्कराच्या क्षेपणास्त्र विभागासाठी ती लिहायला घेतली, तेव्हा नावातला 'एम' मिसाइलचा होता. पुढे तो मिलिटरीचा झाला आणि आता मल्टिप्रोसेसरचा आहे. आद्याक्षरं तीच ठेवून माणसाळलेली अशी दुसरी सिस्टीम माझ्या पाहण्यात नाही. आज ती कुणालाही मोफत मिळते. मंगळाभोवती फिरणाऱ्या एका नासाच्या यानाच्या रेडिओत आहे, कणत्वरकांच्या प्रयोगशाळांत आहे, आणि आता एका पोती भरणाऱ्या पॅनेलमध्येही आहे.

बांधणी म्हणजे काय, तर पहिला टप्पा हत्यारं घडवण्याचा. आपल्या लॅपटॉपची चिप एका जातीची, कार्डावरची दुसऱ्या जातीची. लॅपटॉपवर बसून दुसऱ्या चिपची भाषा लिहिणारा कंपायलर हवा. त्याला क्रॉस कंपायलर म्हणतात. बडोद्यात बसून तमिळमध्ये पत्रं लिहिणारा लेखनिक समजा. आरटेम्सचे लोक सांगतात की हा लेखनिकसुद्धा बाहेरून आणू नका, त्यालाही सोर्सपासून घडवा. त्यासाठी त्यांचं 'सोर्स बिल्डर' नावाचं साधन आहे. ते कंपायलर, लिंकर, न्यूलिब नावाची छोटी सी लायब्ररी, डीबगर यांचे ठरलेल्या आवृत्तीचे सोर्स उतरवून घेतं, त्यांवर लागणारी ठिगळं चढवतं आणि एकामागून एक बांधतं. हुकूम एका ओळीचा. मग लॅपटॉपचा पंखा तासाभर किंवा त्याहून जास्त घरघरतो. पडद्यावर मजकूर धो धो वाहतो आणि घरातल्यांना वाटतं आपण फार मोठं काम करतोय. खरं तर तेव्हा आपण चहा पीत असतो.

दुसरा टप्पा खुद्द सिस्टीमचा. सहाव्या आवृत्तीपासून यासाठी वाफ नावाचं साधन वापरतात. (होय, वाफ. मराठी माणसाला लक्षात ठेवायला सोपं.) एका छोट्या फाइलीत आपल्या कार्डाचं नाव लिहायचं. त्या नावामागे 'बोर्ड सपोर्ट पॅकेज' असतं. या कार्डावर घड्याळ कुठे आहे, सीरिअल पोर्ट कुठल्या पत्त्यावर आहे, बाहेरून हाक आली तर ती कशी ऐकायची, ही सगळी घरगुती माहिती त्यात असते. आपलं कार्ड त्यांच्या यादीत असेल तर नशीब. नसेल तर जवळच्या भावंडाचं पॅकेज घेऊन त्यात बदल करायचे. आमचा सगळ्यात जास्त वेळ, जवळजवळ तीन आठवडे, इथेच गेला. चिपचं तेराशे पानी मॅन्युअल, आणि त्यातल्या तळटिपांत लपलेल्या अटी.

कार्ड तयार नसलं तरी अडत नाही. आरटेम्सबरोबर स्पार्क चिपचा एक सिम्युलेटर मिळतो. त्यावर चाचणीचा पहिला प्रोग्राम चालवला की पडद्यावर 'हॅलो वर्ल्ड' उमटतं. इंजिनिअर होऊ घातलेल्या आपल्या मुलांनी एकदा एवढं करून पाहावंच. खर्च शून्य, एक रविवार पुरतो.

तिसरा टप्पा आपल्या प्रोग्रामचा. इथे फोनसारखं नसतं, की आधी ऑपरेटिंग सिस्टीम आणि मग वर ॲप. दोन्ही मिळून एकच फाइल बनते. ती कार्डात उतरली आणि वीज आली की थेट वजन मोजायला सुरुवात.

आता कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? आमच्या गुजरातेत यावर एक हुकमी शब्द आहे, 'चालशे'. तयार फाइल आणली तरी चालशे. मला 'चालशे'चं वावडं नाही, निम्मा गुजरात त्यावर उभा आहे आणि उत्तम उभा आहे. पण आज चालतंय ते पंधरा वर्षांनी पुन्हा बांधता येईल का, याचं उत्तर तो शब्द देत नाही. त्यातही एक खोच आहे. सोर्स बिल्डर सगळं इंटरनेटवरून उतरवतो. उद्या तो पत्ताच बंद झाला तर? म्हणून उतरलेली प्रत्येक फाइल आम्ही बाजूला काढली, दोन हार्ड डिस्कवर ठेवली. एक आमच्याकडे, एक कारखान्याच्या तिजोरीत, मालकाच्या चेकबुकाशेजारी. सोबत कागदावर छापलेली अकरा पानं : कुठलं मशीन, कुठली आवृत्ती, कुठला हुकूम, कुठल्या क्रमाने.

ती पानं पुरेशी आहेत का, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. म्हणून गेल्या महिन्यात आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीला कोरं मशीन दिलं, इंटरनेट काढून टाकलं, डिस्क आणि अकरा पानं हातात दिली आणि मी माझ्या कामाला बसलो. तिने दोन दिवसांत सात प्रश्न विचारले. त्या सातांची उत्तरं आता पानांत आहेत आणि पानं तेरा झालीत. तिसऱ्या दिवशी तिची फाइल तयार झाली. कारखान्यात चालू असलेल्या फाइलीशी ताडून पाहिली तर थोडेसेच बाइट वेगळे निघाले. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याच मागे होती. शेवटी सापडलं की प्रोग्राममध्ये एका ठिकाणी बांधणीची तारीख आणि वेळ आपोआप लिहिली जात होती. तिने ती ओळ काढली, जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर पुन्हा बांधणी केली. या वेळी दोन्ही फाइली शेवटच्या बाइटपर्यंत सारख्या आल्या.